हळद पोटात जाते, रक्तात का जात नाही?

उन्हाळा तोंडावर आला की वसमत, औंढा, कळमनुरीच्या शिवारात हळद काढणीची धांदल उडते. कंद खणायचे, शिजवायचे, दिवसचे दिवस उन्हात वाळवायचे, ढोलात घालून पॉलिश करायचे आणि पोती भरून हिंगोलीच्या नाहीतर वसमतच्या मार्केटला न्यायची. हिंगोली जिल्हा आज राज्यातल्या हळदीचा मोठा पट्टा आहे. ‘वसमत हळदी’ला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. सौद्याच्या वेळी व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग बघतो. तो रंग ज्या द्रव्याचा, ते म्हणजे कुरकुमिन. हळदीत ते साधारण दोन ते पाच टक्के असते, आणि हळदीच्या औषधी गुणांविषयी जे काही बोलले जाते त्यातले बरेचसे याच द्रव्याच्या नावावर जमा होते.

या कुरकुमिनच्या गोळ्या आणि कॅप्सूल आता तालुक्याच्या मेडिकलमध्येही मिळतात. गुडघेदुखी, मधुमेह, ‘इम्युनिटी’, विस्मरण, सगळ्यांवर एकच बाटली. लोक विश्वासाने घेतात, कारण हळद घरातलीच. पण या बाटलीवर एक गोष्ट क्वचितच लिहिलेली असते. गिळलेले कुरकुमिन शरीरात जवळजवळ पोचतच नाही.

हा अतिशयोक्तीचा भाग नाही. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग पाहा. २४ निरोगी माणसांना कुरकुमिनची एकेक मात्रा दिली गेली, अर्ध्या ग्रॅमपासून थेट १२ ग्रॅमपर्यंत. नंतर रक्त तपासले. आठ ग्रॅमपर्यंत घेतलेल्या एकाच्याही रक्तात कुरकुमिन सापडले नाही. दहा आणि बारा ग्रॅम घेतलेल्यांपैकी फक्त दोघांच्या रक्तात ते थोडेसे दिसले. तीन टक्क्यांच्या हळदीतून बारा ग्रॅम कुरकुमिन मिळवायचे तर ४०० ग्रॅम हळद खावी लागेल. एका दमात!

असे का होते? कुरकुमिन पाण्यात विरघळत नाही. हळदीचे दूध थोडा वेळ ठेवले की तळाशी गाळ बसतो, तो आठवा. आतड्यातला रस पाण्याचाच, त्यामुळे तिथेही ते कणांच्या रूपात पडून राहते. जेवढे विरघळते तेवढे किंचित अल्कधर्मी वातावरणात टिकत नाही. प्रयोगशाळेत शरीराच्या आम्लतेइतक्या साध्या द्रावणात ते काही मिनिटांत अर्धे उरते. त्यातूनही जे आतड्याच्या भिंतीत शिरते, त्याला ती भिंत आणि पुढे यकृत दुसरे रेणू चिकटवून बाहेरचा रस्ता दाखवतात.

यावर पहिला तोडगा आपल्याच देशात निघाला. बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधील संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवले की दोन ग्रॅम कुरकुमिनसोबत मिऱ्यातले पायपरिन फक्त २० मिलिग्रॅम दिले तर रक्तात पोचणारे कुरकुमिन वीस पटींनी वाढते. हा आकडा आज प्रत्येक बाटलीवर ‘२००० टक्के’ म्हणून झळकतो. पण जवळजवळ शून्याच्या वीस पट म्हणजे किती, हा हिशेब कोणी सांगत नाही. शिवाय पायपरिन हे काम करते ते यकृताच्या आणि आतड्याच्या सफाई यंत्रणेचा हात धरून. तीच यंत्रणा इतर औषधेही निकालात काढत असते. फेफऱ्याचे फेनिटॉइन, रक्तदाबाचे प्रोप्रॅनोलॉल, दम्याचे थिओफिलिन यांची रक्तातली पातळी पायपरिनमुळे वाढते, हे दिसून आलेले आहे. म्हणजे हळद आत घ्यायला दार उघडले आणि दाराशी उभा असलेला दुसराही आत आला, असा प्रकार.

मग दुसरा मार्ग कोणता? सफाई यंत्रणेला हात न लावता कुरकुमिनलाच नीट बांधून, सांभाळून, हव्या त्या मुक्कामी नेऊन सोडायचे. या कामासाठी जगभरच्या औषधनिर्माण प्रयोगशाळांत ज्या वस्तू वापरल्या जातात, त्यांची यादी किराणा दुकानातली वाटावी अशी आहे. गवार, मेथी, इसबगोल, डिंक. त्याशिवाय समुद्री शेवाळातले अल्जिनेट, फळांच्या सालीतले पेक्टिन आणि कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून मिळणारे कायटोसन. (शाकाहारी मंडळींनी हे शेवटचे नाव लक्षात ठेवावे, कॅप्सूलच्या लेबलावर ते बारीक अक्षरांत असते.) हे सगळे नैसर्गिक पॉलिमर, म्हणजे साखरेसारख्या छोट्या रेणूंच्या लांबच लांब माळा. त्यांचा समान गुण एकच, पाण्यात फुगणे.

वाटीतला सब्जा

फुगणे ही गोष्ट आपल्याला इतकी सवयीची आहे की तिच्यात शास्त्र आहे असे वाटतच नाही. सरबतात सब्जा टाकला की दहा मिनिटांत प्रत्येक दाण्याभोवती पारदर्शक गोळा तयार होतो. रात्री भिजवलेली मेथी सकाळी बुळबुळीत होते. औषधशास्त्राने मात्र या फुगण्याचे माप ठरवून ठेवले आहे. एक ग्रॅम पदार्थ मोजपात्रात पाण्यात ठेवायचा आणि चार तासांनी फुगून त्याने किती मिलिलिटर जागा व्यापली ते बघायचे. याला फुगण्याचा निर्देशांक म्हणतात. युरोपीय औषधसंहितेप्रमाणे जवसाचा हा आकडा किमान ४ हवा, मेथीचा ६, इसबगोलाच्या बियांचा ९ आणि इसबगोलाच्या भुशीचा किमान ४०. एका ग्रॅमची चाळीस मिलिलिटर! बाजारात भुशी घेताना हा प्रयोग घरी करून बघायला हरकत नाही. भेसळीची भुशी इथेच उघडी पडते.

पाणी आत शिरते कारण या माळांवर पाण्याला ओढणारे गट जागोजाग असतात. कोरड्या अवस्थेत माळा एकमेकींत घट्ट गुंतून काचेसारख्या कडक असतात. पाण्याने त्यांच्यामध्ये शिरकाव केला की त्या सैलावतात, एकमेकींपासून दूर सरकतात, मऊ होतात. पण कुठपर्यंत? इथे डिंकाचे उदाहरण बोलके आहे. बाभळीचा डिंक पाण्यात टाकला तर काही वेळाने पूर्ण विरघळतो, वाटीत नुसते चिकट पाणी उरते. उन्हाळ्यात थंडाईसाठी मिळणारा गोंद कतिरा मात्र विरघळत नाही. तो फुगतो आणि बर्फाच्या चुऱ्यासारखा ढीग होऊन बसतो. पहिल्यात माळा मोकळ्या होऊन निघून जातात. दुसऱ्यात त्यांना एकमेकींशी बांधणाऱ्या गाठी आहेत. पाणी माळांना बाहेर खेचते, गाठी आत ओढून धरतात. या दोन ओढींची जिथे बरोबरी होते तिथे फुगणे थांबते. पॉल फ्लोरी आणि जॉन रेहनर यांनी १९४३ मध्ये याचे गणित मांडले आणि आजही प्रत्येक विद्यार्थी तिथूनच सुरुवात करतो.

आता हा फुगणारा पदार्थ औषधात मिसळून त्याची गोळी दाबली असे समजा. गोळी पोटात जाते. बाहेरचा थर पाणी पिऊन गिळगिळीत होतो, आतला गाभा अजून कोरडाच. औषधाला बाहेर यायचे तर त्या बुळबुळीत थरातून वाट काढावी लागते. वेळ जातो तसा थर जाड होतो, वाट लांबते, औषध हळू सुटते. त्याच वेळी थराची बाहेरची कड झिजतही असते. आत थर वाढण्याचा वेग आणि बाहेर झिजण्याचा वेग जुळला तर औषध तासन् तास जवळपास एकाच गतीने सुटत राहते. दिवसातून तीनदा घ्यायची गोळी एकदाच घेऊन भागते, ते अशा युक्तीमुळे. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या ज्या गोळ्यांच्या नावापुढे ‘एसआर’ किंवा ‘एक्सआर’ अशी अक्षरे असतात, त्यातल्या अनेकांत फुगणाऱ्या पॉलिमरचीच योजना असते. म्हणून डॉक्टर बजावतात की ही गोळी चावू नका, कुटू नका. कुटली की थर बनण्याआधीच सगळे औषध एकदम सुटते.

एकच पॉलिमर न वापरता दोन-तीन का मिसळायचे, हा प्रश्न रास्त आहे. कारण एकेकट्याचा स्वभाव टोकाचा असतो. गवारीचा गोंद भराभर फुगतो पण लवकर झिजूनही जातो. अल्जिनेटला कॅल्शियमचे पाणी दाखवले की क्षणात मणी तयार होतात. माळांमधल्या खळग्यांत कॅल्शियमचे आयन अंड्याच्या ट्रेमध्ये अंडी बसावीत तसे बसतात, आणि शास्त्रज्ञांनी या रचनेला नावही तेच दिले आहे. पण हे मणी सच्छिद्र असतात, आतले औषध गळते. कायटोसन जठराच्या आम्लात फुगून विरघळते आणि आतड्यात आखडते. अल्जिनेटचे नेमके उलटे, आम्लात आखडते आणि आतड्यात फुगते. एकावर धन भार, दुसऱ्यावर ऋण. दोन्ही एकत्र आणले की ते एकमेकांना धरून ठेवतात आणि मण्याभोवती कवच तयार होते. कोणाचे किती प्रमाण घ्यायचे, गाठी किती मारायच्या, यावर औषध कुठे आणि किती तासांत सुटणार हे ठरते. स्वयंपाकात उडदाचे आणि तांदळाचे प्रमाण बदलले की इडलीचा पोत बदलतो, तसेच हे आहे.

हे घरी बघायचे असेल तर तीन वाट्यांत सारखा मोजून सब्जा घ्या. एकीत साधे पाणी, दुसरीत चमचाभर मीठ घातलेले पाणी, तिसरीत लिंबाचा रस घातलेले. अर्ध्या तासाने गाळून निथळून काट्यावर वजन करा. मिठाच्या पाण्यातला सब्जा कमी फुगलेला दिसेल. मिठातले आयन त्या माळांवरच्या भाराला झाकून टाकतात, मग त्या एकमेकींना पूर्वीइतक्या जोराने दूर ढकलत नाहीत. तिसऱ्या वाटीचे वजन काय भरते ते स्वतःच बघा. आपल्या जठरात आणि आतड्यात आम्लही आहे आणि मीठही. म्हणूनच नुसत्या पाण्यातल्या फुगण्यावरून पोटातले फुगणे ठरवता येत नाही.

या विषयात महाराष्ट्राचा वाटा आहे, आणि त्याचा हळदीशी गमतीदार संबंधही आहे. डॉ. रघुनाथ माशेलकर यांचे नाव निघाले की लोकांना हळदीचे पेटंट आठवते. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले होते. माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने जुने ग्रंथ आणि लेख पुढे ठेवून त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. पण माशेलकर मुळात पॉलिमरचे अभियंते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत त्यांचे संशोधन पाणी पिऊन फुगणाऱ्या जेलवरही होते. त्याच धाग्यातून पुढे २०१२ मध्ये अमेरिकेतील श्यिनी वर्गीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, पुण्याचे आशिष लेले आणि माशेलकर यांच्यासह, आम्लात कापले तरी काही क्षणांत पुन्हा सांधणारे जेल प्रसिद्ध केले. ते कृत्रिम पॉलिमरचे होते, नैसर्गिक नव्हे. तरी जठराच्या आम्लात टिकून राहणारे जेल, ही कल्पना औषधवाल्यांच्या कामाची. पेटंटची कहाणी आपण पाठ करून ठेवली, जेलची मात्र कोणी सांगितली नाही, याचे मला नेहमी नवल वाटते.

मोठ्या आतड्यापर्यंत

कुरकुमिनकडे परत येऊ. ते जेलमध्ये नुसते कोंबून चालत नाही. पाण्यात न विरघळणारी वस्तू जेलमध्येही विरघळत नाही. आधी तिचे अतिसूक्ष्म कण करायचे किंवा तेलाच्या थेंबात ती उतरवायची, आणि मग जेलने ते कण पुन्हा एकत्र येऊ द्यायचे नाहीत, अशी कामाची वाटणी असते. केरळमधल्या एका कंपनीने मेथीतल्या फुगणाऱ्या तंतूंत असे कुरकुमिन बसवून बाजारात आणले आहे, आणि मोकळे कुरकुमिन रक्तात कितीतरी जास्त पोचते असे माणसांवरच्या चाचणीत दाखवले आहे. चाचणीत कंपनीचीच माणसे होती, हे ध्यानात ठेवून वाचावे. पण मेथीवर असा प्रयोग व्हावा हेच मुळात चांगले.

मला स्वतःला दुसरी दिशा जास्त आशेची वाटते. कुरकुमिन रक्तात जात नाही ही त्याची खोड. पण आजारच आतड्यात असेल तर? मोठ्या आतड्याला सूज येऊन व्रण पडण्याच्या विकारात, म्हणजे अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये, औषध रक्तात न जाता आतड्याच्या भिंतीवरच राहिलेले बरे. जपानमध्ये २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आजार आटोक्यात असलेल्या ८९ रुग्णांना नेहमीच्या औषधांसोबत सहा महिने रोज दोन ग्रॅम कुरकुमिन किंवा खोटी गोळी दिली. कुरकुमिन घेतलेल्या ४३ पैकी दोघांचा आजार उलटला. खोटी गोळी घेतलेल्या ३९ पैकी आठ जणांचा. चाचणी लहान आहे, पण नीट केलेली आहे.

अडचण एकच. तोंडातून गेलेले औषध तिथपर्यंत जायला जठर आणि सहा मीटरच्या आसपासचे लहान आतडे ओलांडावे लागते. इथे गवार कामी येते. गवारीच्या गोंदाला पचवणारे विकर माणसाच्या शरीरात नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू मात्र त्यावर ताव मारतात. विशाखापट्टणमच्या आंध्र विद्यापीठातील संशोधकांनी १९९८ मध्ये गवारीच्या गोंदाच्या गोळ्यांत किरणोत्सारी खूण घालून त्या निरोगी स्वयंसेवकांना दिल्या आणि गॅमा कॅमेऱ्याने त्यांचा माग काढला. गोळीच्या पृष्ठभागावरची थोडी खूण वाटेत सुटली. बाकी मुख्य भाग मोठ्या आतड्यात जाऊनच मोकळा झाला. अर्थात नुकताच प्रतिजैविकांचा कोर्स झालेल्या रुग्णात जिवाणूच कमी झालेले असतील, तर गोळी फुटणार कशी, हाही प्रश्न उरतो.

इतके सगळे असूनही औषधाच्या दुकानात अशी कुरकुमिनची सिद्ध गोळी का नाही? बहुतेक संशोधन बीकरपाशी थांबते हे पहिले कारण. आम्लाच्या आणि फॉस्फेटच्या द्रावणात मणी किती टक्के फुगला याचे आलेख ढिगाने आहेत. पोट म्हणजे बीकर नव्हे. ते घुसळते, त्यात भाकरी असते, तेल असते, कधी नुसता चहा असतो. दुसरे कारण, नैसर्गिक माल एकसारखा नसतो. एकाच झाडाचा डिंक उन्हाळ्यात वेगळा आणि पावसानंतर वेगळा, गवार कोणत्या रानात वाढली यावरही चिकटपणा बदलतो, आणि ओल्या जेलमध्ये बुरशी-जिवाणू लवकर वाढतात. तिसरे कारण कुरकुमिनचेच. २०१७ मध्ये औषध रसायनशास्त्रज्ञांच्या एका गटाने १२० हून अधिक मानवी चाचण्यांचा आढावा घेऊन, एकही दुहेरी गुप्त चाचणी निर्विवाद यशस्वी झालेली नाही, असा कडक निष्कर्ष काढला. जपानी चाचणीसारखे अपवाद धरले तर हा निष्कर्ष थोडा जास्तच कडक वाटतो, पण ‘हळद सगळ्यावर चालते’ या जाहिरातीपेक्षा तो सत्याच्या जवळ आहे.

वसमतला हळदीसाठी संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र उभे राहत आहे. तिथे वाण, बेणे, करपा, कंदकूज यावर काम व्हायलाच हवे. पण हळकुंड पोत्यातून जाते तेव्हा शेतकऱ्याला मसाल्याचा भाव मिळतो. कोणत्या शेतातल्या हळदीत कुरकुमिन किती, हे सौद्याच्या आधी मोजून मिळाले, तर अर्क काढणाऱ्यांशी बोलताना शेतकऱ्याच्या हातात रंगापेक्षा भक्कम काहीतरी असेल. आणि शेजारच्या नांदेड, परभणीच्या औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी बीकरातले मणी मोजताना ते याच हळदीचे आणि आपल्याच मेथी-गवारीचे घ्यायला काय हरकत आहे?

आता जे लोक आजच हे घेत आहेत त्यांच्यासाठी थोडे. भाजीत, वरणात, दुधात घातलेल्या हळदीबद्दल हे लिहिलेले नाही. ती खुशाल खा. प्रश्न आहे तो जास्त शोषले जावे म्हणून बनवलेल्या कॅप्सूलचा. यकृताला औषधांनी होणाऱ्या इजेची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकी वैद्यकीय गटाने २०२२ मध्ये हळदीच्या उत्पादनांशी जोडलेले दहा रुग्ण प्रसिद्ध केले. त्यातला एक दगावला. दहापैकी सात जणांत एकच विशिष्ट जनुकीय खूण सापडली, आणि काही उत्पादनांत पायपरिनही होते. शोषण वाढले की गुण वाढेल तसा त्रासही वाढेल, हे साधे आहे.

फुगणाऱ्या पदार्थांचीही एक खबरदारी. अमेरिकेत वजन घटवण्यासाठी गवारीच्या गोंदाच्या ‘कॅल-बॅन ३०००’ नावाच्या गोळ्या विकल्या जात. पोटात फुगून भूक मारतील असा दावा होता. त्या काहींच्या अन्ननलिकेतच फुगून अडकल्या आणि १९९० च्या सुमारास त्या बाजारातून काढाव्या लागल्या. इसबगोल असो वा मेथीपूड, कोरडी फाकी मारून घोटभर पाण्यावर भागवू नये. मोठा ग्लासभर पाणी हवेच, आणि घेतल्याबरोबर आडवे होऊ नये. ज्यांना गिळायला त्रास होतो अशा वृद्धांना तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. इतर गोळ्या आणि इसबगोल यांच्यात दोन तासांचे अंतर ठेवावे, नाहीतर फुगलेल्या भुशीत त्या गोळीचे औषध अडकून बसते.

रक्त पातळ करणारे औषध, फिटचे औषध, मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, पित्ताशयात खडे असतील किंवा घरात बाळंतपण जवळ आले असेल, तर कुरकुमिनची कॅप्सूल सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगावे. ‘आयुर्वेदिकच तर आहे’ म्हणून लपवू नये. आणि कॅप्सूल चालू असताना डोळे पिवळे दिसू लागले, लघवी गडद झाली, भूक मेली, अंगाला खाज सुटली, तर ती त्याच दिवशी बंद करून बाटलीसकट दवाखाना गाठावा.